उपास करायचाय की उपोषण?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. वाळूजच्या कंपनीत तीन पाळ्यांचं काम, खोलीवर चौघंजण, घर जालना जिल्ह्यात. तुमच्या प्रार्थना गटानं राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, 21 दिवसांचा उपास जाहीर केलाय. छापील फॉर्म वाटलाय आणि त्यात ‘विनंती’ असा रकाना आहे. तुला करायचा आहे, पण कसा ते कळत नाही. साबुदाणा चालतो का, पाणी चालतं का, जेवणाऐवजी मोबाईल सोडला तर? आईलाही करायचा आहे, तिला शुगर आहे. कंपनीतले मित्र विचारतात, तुमच्या ख्रिश्चन लोकांत उपास असतो का म्हणून. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: उपास केला की देव ऐकतोच का, मावशी?

शेवटची ओळ आधी घेते. बाकीचं सगळं तिच्या पोटात आहे.

देव ऐकतो. त्यातला ‘च’ काढ.

मी 35 वर्षं नर्स होते आणि 1991 पासून शुक्रवारचा उपास करते. पण पहिली सात-आठ वर्षं मी जे केलं तो उपास नव्हता, उपोषण होतं. 2023 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी मांडव पडला, तेव्हापासून मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही उपोषण कशाला म्हणतात ते ठाऊक आहे. समोर सरकार असतं, मागणी असते, मुदत असते. तब्येत खालावली की बातमी होते, मग कुणीतरी मोठा माणूस येऊन पाणी प्या म्हणून विनवतो. लोकशाहीत ते हत्यार आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण देवाच्या दारात तसा मांडव टाकता येत नाही. त्याच्यावर दबाव आणायला आपल्याकडे आहे काय? आपली भूक त्यानंच दिलेली आणि भाकरीही त्याचीच.

हे मी वाचून शिकले नाही. 1998 मध्ये माझ्या मालकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मी शुक्रवारचा उपास वाढवून आठवड्याला तीन केले, त्यातला एक निर्जळी. मनात हिशेब चालायचा: इतके उपास झाले, आता किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन खाली यायलाच हवं. रिपोर्ट हातात आला की आधी तो आकडा बघायचे, मग त्यांच्या तोंडाकडे. ते गेले. त्यानंतर पाच महिने मी एकही उपास केला नाही, एकही प्रार्थना केली नाही. उपासनेला जायचे, कारण न जाण्याचं कारण लोकांना सांगावं लागलं असतं.

मग एका रात्रपाळीत बायबलमधल्या दुसरं शमुवेल या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचनात आला. आधी पन्नासदा ऐकलेला. दावीद राजाचं लेकरू आजारी पडतं. तो सात दिवस जमिनीवर पडून राहतो, अन्नाला शिवत नाही. सातव्या दिवशी लेकरू जातं आणि चाकरांना राजाला सांगायची भीती वाटते. त्याला कळतं तेव्हा तो उठतो, अंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन करतो, घरी येतो आणि जेवायला मागतो. चाकर चक्रावतात. तो म्हणतो, लेकरू जिवंत होतं तोवर मी उपास केला, कारण कोण जाणे, परमेश्वराला दया येईल. आता तो गेला, आता उपास कशाला?

‘कोण जाणे’ या दोन शब्दांवर मी अडकले. नंतर शोधत गेले तर हेच शब्द उपासाच्या आसपास पुन्हा पुन्हा सापडले. योएल संदेष्टा सांगतो, कपडे नव्हे, हृदय फाडा; कोण जाणे, तो मागे फिरेल. योनाच्या पुस्तकात निनवे शहराचा राजा गोणपाट नेसून राखेत बसतो आणि गुराढोरांनाही उपाशी ठेवायचा हुकूम काढतो, तोही म्हणतो, कोण जाणे. यहुदी लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघतो तेव्हा मर्दखय आपल्या चुलतबहिणीला, एस्तेरला म्हणतो, कोण जाणे, अशाच वेळेसाठी तू राणी झाली असशील, आणि लगेच एस्तेर तीन दिवसांचा उपास ठरवते. चौघांतल्या एकाच्याही तोंडी ‘च’ नाही. निनवे वाचली, एस्तेरचे लोक वाचले, दावीदाचं लेकरू वाचलं नाही. उपास सगळ्यांनीच मनापासून केला होता.

म्हणून तुमच्या फॉर्मवरचा तो रकाना मला खटकतो. विनंती करू नये असं नाही. नोकरी पक्की व्हावी, बहिणीचं लग्न जमावं, जरूर माग. पण 21 दिवस भरले की माल मिळणार, अशी पावती कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आता 21 दिवसांचं. याला लोक दानीएलाचा उपास म्हणतात. तो अध्याय नीट वाच, दहावा. दानीएलानं तीन आठवडे चवीचं अन्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केला. म्हणजे तो जेवत होता, साधं जेवत होता. पहिल्या अध्यायातही दहा दिवस डाळी-भाजी आणि पाणी होतं, पोट रिकामं नव्हतं. तेव्हा 21 दिवस करायचेच असतील तर भाकरी, वरण, भाजी असं खा. चहा, गोड, मटण, बाहेरचं चमचमीत सोड. मोशेनं आणि प्रभू येशूनं चाळीस दिवस उपास केला, ते आपल्याला घालून दिलेलं वेळापत्रक नाही. इतकं सांगूनही दरवर्षी कुणीतरी हट्टानं करतं आणि सलाईनवर जातं.

आणखी एक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेस तर 46 दिवस येतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. तुमच्या गटानं रविवारही मोजले असतील तर पाळकसाहेबांना विचारायला हरकत नाही, पण भांडू नकोस.

पंथापंथात फरक आहेत. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस बंधनाचे: वय 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत एक वेळ पोटभर आणि दोन वेळा थोडंसं, आणि चौदा वर्षांपासून मांसवर्ज्य. उदगीर-लातूरकडे मेथॉडिस्ट मंडळ्या आहेत, त्यांचे जॉन वेस्ली बुधवार-शुक्रवार दुपारी तीनपर्यंत उपास करायचे. हे दोन वार फार जुने, पहिल्या काळातल्या मंडळीपासूनचे. केरळचे ऑर्थोडॉक्स लोक मांस, मासे, दूध, अंडी सगळं सोडतात. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात नियमापेक्षा ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेलं आहे. विवेक म्हटलं की बहुतेकांचा उपास कलेंडरवरच राहतो, ते वेगळं. आणि शुक्रवारी मटण सोडण्याचं म्हणशील तर आपल्याकडे मटण रविवारी शिजतं. शुक्रवारी सोडून कुणाचं काय जातं?

मित्रांना सांग, असतो आमच्यात उपास. तो दिसत नाही याला दोन कारणं. एक, प्रभूनंच सांगितलंय की उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नको. दुसरं कारण माझ्या मते आपल्या इतिहासात आहे. ब्राह्मणाचे ख्रिस्ती पाळक झालेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्या काळापासून आपल्या वाडवडिलांनी संकष्टी, एकादशी मागे सोडली आणि तिच्याबरोबर उपासाची सवयही घरातून गेली. माझी आजी उपास हा शब्दसुद्धा ‘त्यांच्यातला’ म्हणायची. खरं तर तो तिच्या पवित्र शास्त्रात पानोपानी होता.

साबुदाण्याचं. आपल्याकडे ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ अशी यादी नाही, त्यामुळे साबुदाणा पापही नाही आणि पुण्यही नाही. पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय. तुपातली खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, रताळ्याचा कीस, एवढं खाऊन भूक लागते कुठे? भूक लागली पाहिजे. दुपारी एकला पोटात कालवलं की त्या वेळी तू काय करतोस, हाच उपास. चिडतोस, की थांबून दोन ओळींची प्रार्थना करतोस? मी चिडायचे. वॉर्डात एका म्हाताऱ्या बाबांनी तिसऱ्यांदा बेडपॅन मागितलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. तो माझा शुक्रवार होता. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात 58व्या अध्यायात देव लोकांना नेमकं हेच ऐकवतो, तुम्ही उपास करता आणि भांडता, मुठी उगारता, मजुरांना राबवून घेता. त्या रात्री घरी जाऊन मी उपास न सोडता झोपले, आणि तेही चुकलंच. बाबांची माफी मागून जेवायला हवं होतं.

तुझं काम मशीनवरचं आहे, म्हणून हे नीट ऐक. पॉवर प्रेसवर असशील त्या दिवशी पूर्ण उपास धरू नकोस. एकदा भोवळ आली आणि बोटं गेली तर ती कुठल्याही देवाला वाहिलेली नसतात. साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवड. सुट्टी रविवारी येत असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी एका वेळचं जेवण सोडण्यावर थांब. सुरुवात थोडक्यानंच करावी. आधी महिनाभर आठवड्यातून एकदा सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण सोड, रात्री जेव. मग रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या रात्रीच्या जेवणापर्यंत, म्हणजे एक दिवस. नोकरी करणाऱ्या माणसाला एवढं आयुष्यभर पुरतं. तिसऱ्या पाळीत झोपेचं गणित आधीच बिघडलेलं असतं, त्या आठवड्यात उपास नकोच.

पाणी प्यायचंच. लेंट, म्हणजे हाच ईस्टरआधीचा उपासकाळ, पडतो फेब्रुवारी ते एप्रिल. सुरुवातीला सकाळी गारवा असतो, पण गुड फ्रायडेपर्यंत आपल्याकडे पारा चाळिशीला भिडतो. एस्तेरनं तीन दिवस पाणीही घेतलं नाही, पण ती राजवाड्यात होती, पत्र्याच्या शेडमध्ये नव्हती. मी एकदा एप्रिलमध्ये निर्जळी उपास धरून ड्युटी केली आणि औषधांच्या ट्रेसकट कोसळले. सोबतच्या सिस्टरनं ओआरएस पाजलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं, त्या तासाभरात माझे आठ पेशंट तिच्या अंगावर पडले होते.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखेल, ते बहुतेक चहाचं असतं. दिवसाला सहा कप पिणारा माणूस एकदम थांबला की डोकं ठणकतं आणि त्याला वाटतं सैतान लढतोय. आठवडाभर आधी चहा कमी करत आण. उपास सोडताना हलकं घे: ज्वारीची आंबील, ताक, मऊ खिचडी. दिवसभर उपाशी राहून रात्री बिर्याणीवर तुटून पडलास तर पोट रात्रभर तुला जागं ठेवेल, आणि ते काही प्रार्थनेसाठी नव्हे.

आता आई. इथं मी मावशी नाही, सिस्टर आहे. शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणारा माणूस उपाशी राहिला तर साखर झपाट्यानं खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस बडबडायला लागतो. मोजल्यावर 70च्या खाली दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची, उपास असो वा नसो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. आणि ‘उपास आहे म्हणून आज इन्सुलिन घेत नाही’ हे त्याहून वाईट. प्रार्थनेनं बरी झालीस, आता इंजेक्शन कशाला, असं कुणीतरी सांगितलेली एक बाई आमच्या वॉर्डात आणली होती. श्वास धापा टाकल्यासारखा आणि तोंडाला फळासारखा वास. वाचली, पण अकरा दिवस लागले. ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्यातलं कुणी भेटायला आलं नाही. साबुदाणा आणि बटाटा तर आईला उपासाच्या नावाखाली अजिबात देऊ नकोस, तो निव्वळ पिष्ट, साखर चढते. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, लेकरं, किडनीचा पेशंट, यांनाही मी पोटाचा उपास सांगत नाही.

मग आईनं काय करावं? इथं तुझा मोबाईलचा प्रश्न कामाला येतो. तुझ्यासारख्या धडधाकट माणसानं जेवणाऐवजी मोबाईल सोडतो म्हटलं तर मी त्याला पथ्य म्हणेन, उपास नाही म्हणणार. चांगलं पथ्य आहे, कर. मीही उपासाच्या दिवशी फोन कपाटात ठेवते, कारण जेवणाची वाचलेली वेळ रील बघण्यात गेली तर नुसतं वजन कमी होतं. पण शरीर आणि भूक यांचा जो धडा आहे तो मोबाईल देत नाही. ज्याला जेवण सोडता येत नाही त्याची गोष्ट वेगळी. आईनं वेळेवर जेवावं, गोळी घ्यावी, आणि रात्रीची मालिका सोडून तो तास गुडघ्यांवर, किंवा गुडघे दुखत असतील तर खुर्चीत, घालवावा. तिचा तो उपास पूर्ण आहे. तिला कमीपणा वाटू देऊ नकोस.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ‘दिवस तिसरा’ टाकू नकोस. प्रभूच्या दाखल्यातला परुशी, नियम कडक पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा आणि मंदिरात उभा राहून देवालाच सांगायचा. त्याच्याकडे फोन नव्हता एवढंच. पण लपवण्याचाही अतिरेक नको. घरी कुणी चहा धरला तर ‘आज नको’ एवढं पुरे. आणि गावाकडे कुणा गरिबाच्या घरी गेलास, त्या बाईनं शेजारून दूध आणून चहा ठेवलाय, तर पिऊन टाक. चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे कडक संन्यासीसुद्धा पाहुणा आला की उपास बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जेवायचे. उपास नेहमीच जवळ आहे, पाहुणा नेहमी नसतो, असं त्यांचं म्हणणं.

2025 मध्ये रोजे 2 मार्चला सुरू झाले आणि राखेचा बुधवार 5 मार्चला आला. माझी शेजारीण रोजे ठेवते. महिनाभर आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालताना दुपारच्या उन्हात एकमेकींकडे बघून हसायचो. शुक्रवारी मी माझा उपास तिच्या इफ्तारीच्या वेळेला सोडायचे, ती खजूर पाठवायची. ती म्हणाली, तुमचं बरं आहे, पाणी चालतं. मी म्हटलं, तुमचं बरं आहे, सगळा मोहल्ला बरोबर असतो. हे खरंच आहे. एकट्यानं उपास करणं अवघड असतं. पहिल्या काळात अंत्युखिया शहरातल्या मंडळीनं मिळून उपास आणि प्रार्थना केली, मग बर्णबा आणि शौल (पुढे पौल) यांना प्रचाराला पाठवलं. म्हणून गट सोडू नकोस, फक्त फॉर्म भरताना विनंतीच्या रकान्यात ‘कोण जाणे’ लिहून दे. हसतील, हसू दे.

एक गोष्ट मात्र कुठलाही गट सांगत नाही आणि माझ्या आईनं मला सांगितली. 1972च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, घरात मिलोची, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, कामावर सुकडी. कित्येक दिवस ती रात्री जेवायची नाही, म्हणायची, भूक नाही. एका पाहुण्या प्रचारकांनी उपदेशात सांगितलं, या संकटात मंडळीनं उपास करावा. घरी येताना आई म्हणाली, ‘उपाशी माणसाला उपास सांगू नये. ज्याच्या डब्यात भाकरी आहे त्यानं उपास करावा आणि ती भाकरी आमच्याकडं धाडावी.’ तिला अक्षरओळख नव्हती. यशयाचा तो अध्याय तिनं वाचलेला नव्हता. तिथंही देव हेच मागतो, आपली भाकरी भुकेल्याला वाटून दे.

तेव्हापासून नाही, पण मालक गेल्यानंतर मी पुन्हा उपास सुरू केला तेव्हापासून, शुक्रवारी माझ्या वाटणीचं जेवण शिजतंच. दोन भाकरी, भाजी, कधी धपाटे. ते घराबाहेर जातं. वाचलेलं जेवण फ्रीजमध्ये राहिलं तर तो उपास नाही, काटकसर आहे.

तुझ्या खोलीतला तो बिहारचा मुलगा, ठेकेदाराकडे कामाला असलेला, ज्याची महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस ओढाताण होते म्हणालास, त्याला सुट्टीच्या दिवशी तुझा डबा दे. उपास आहे म्हणून सांगू नकोस. आज खायची इच्छा नाही म्हण. आणि बुधवार यायच्या आत आईला दवाखान्यात घेऊन जा, गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून ने. नाव वाचून दाखवू नकोस, स्ट्रिपच दाखव.